सर्पगंधा : एका मुळीचा देहातील प्रवास

रक्तदाबाची गोळी आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी सकाळच्या चहाइतकी नित्याची झाली आहे. कुणाला ती दिवसातून एकदा पुरते, कुणाला दोनदा घ्यावी लागते. एखाद्याचा दाब अर्ध्या गोळीने उतरतो, तर त्याच वयाच्या दुसऱ्याचा पूर्ण गोळीनेही हलत नाही. हा फरक केवळ डॉक्टरांच्या मर्जीचा नसतो. पोटात गेलेल्या औषधाचे शरीर काय करते, ते कोठे फोडते, किती काळ ठेवून घेते आणि कोणत्या वाटेने बाहेर टाकते, यावर तो बराचसा अवलंबून असतो. या साऱ्या व्यवहारास वैद्यकात औषधाचे चयापचय म्हणतात. रक्तदाबाच्या औषधांपुरता या विषयाचा इतिहास पाहू लागल्यास त्याच्या आरंभी एक भारतीय मुळी उभी असल्याचे दिसते, आणि तिच्या कथेतील एक निर्णायक अध्याय मुंबईत घडलेला आढळतो. त्या मुळीचे नाव सर्पगंधा.

सर्पगंधा हे दोन-तीन फूट उंचीचे साधे झुडूप. पांढरी, किंचित गुलाबी छटा असलेली फुले, त्यांचे तांबडे देठ आणि पिकल्यावर काळी पडणारी बारीक फळे, एवढीच तिची ओळख. औषधी गुण तिच्या कडू मुळांत असतो. सर्पदंशावर, ज्वरावर, निद्रानाशावर आणि वेड लागलेल्या माणसाला शांत करण्यासाठी ही मुळी देशाच्या अनेक भागांत दिली जात असे. बिहारकडे तर तिला 'पागल की दवा' असेच लोक म्हणत. गोव्यात राहून वैद्यकी करणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात सर्पविषावर चालणाऱ्या ज्या मुळ्यांचे वर्णन केले आहे, त्यांतील एक हीच असावी, असे अभ्यासक मानतात. पुढे १७०३ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ प्ल्युमिए याने सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य व प्रवासी रावोल्फ याच्या सन्मानार्थ या वनस्पतिकुळास रावोल्फिया हे नाव दिले. सर्पगंधेचे शास्त्रीय नाव रावोल्फिया सर्पेन्टिना असे रूढ झाले.

आपला आदिलाबाद जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि किनवट व राजुरा हे आज महाराष्ट्रात असलेले तालुके तेव्हा याच जिल्ह्याचे भाग होते. त्या काळी आपल्या वाडवडिलांना आयुर्वेद जितका जवळचा होता तितकीच युनानी वैद्यकीही परिचयाची होती. युनानीत सर्पगंधेला असरोल म्हणतात. हे सांगण्याचे कारण असे की, या मुळीचे आधुनिक संशोधन प्रथम एका युनानी आणि आयुर्वेदिक संस्थेतच सुरू झाले. हकीम अजमल खान यांनी दिल्लीत स्थापन केलेल्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमाँ सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी या रसायनशास्त्रज्ञांनी १९३१ साली सर्पगंधेच्या मुळांतून पाच अल्कलॉइडे वेगळी केली. १९२७ मध्ये दिवंगत झालेल्या हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ त्यांतील एकाला त्यांनी अजमलीन हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर ही मुळी गुणकारी असल्याचे लिहिले. दोन वर्षांनी कलकत्त्याच्याच उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून मुळीच्या अर्काने रक्तदाब उतरतो, हे दाखविले.

मात्र या प्रयोगांतून एक कोडे उभे राहिले. शुद्ध केलेली अल्कलॉइडे प्राण्यांना दिली असता जे दिसे, ते अख्ख्या मुळीच्या चूर्णाने माणसांत दिसणाऱ्या गुणाशी जुळेना. मुळीचा शांतवणारा गुण शुद्ध अल्कलॉइडे काढून घेतल्यानंतर उरणाऱ्या राळेसारख्या चिकट भागात असल्याचे पुढे कलकत्त्यातील संशोधकांच्या ध्यानात आले. पण त्या राळेत नेमके काय आहे, हे कळण्यास १९५२ साल उजाडावे लागले. दरम्यान डेहराडूनच्या हिमालया ड्रग कंपनीने १९३४ मध्ये मुळीपासून केलेली 'सर्पिना' ही गोळी बाजारात आणली. ब्रह्मदेशात बिथरलेल्या हत्तींना ही मुळी चारून शांत करतात, हे पाहून संस्थापक मनाल यांना ती सुचली, अशी कथा ती कंपनी सांगत आली आहे. कथा खरी असो वा अलंकृत, पशू आणि माणूस यांना एकाच मुळीच्या तराजूत तोलण्याची लोकरीत तीत दिसते. शास्त्राला पुढे हीच रीत पारखून घ्यावी लागली.

माणसांतील पुरावा पद्धतशीरपणे जगापुढे मांडण्याचे श्रेय मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचे. वकील यांचा जन्म १९११ चा. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते मुंबईस परतले आणि परळच्या के. ई. एम. रुग्णालयात हृद्रोगतज्ज्ञ म्हणून काम करू लागले. देशातील अनेक वैद्य-डॉक्टर ही मुळी वापरत होते. परंतु 'गुण येतो' या अनुभवाला आकड्यांची जोड नव्हती. वकील यांनी वारंवार मोजूनही रक्तदाब चढाच आढळलेले ५० रुग्ण निवडले. औषध देण्यापूर्वी काही दिवस त्यांचा दाब नुसताच मोजला, मग चार आठवडे सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या आणि नोंदी ठेवल्या. हा अभ्यास १९४९ च्या ऑक्टोबरमध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बहुसंख्य रुग्णांचा दाब उतरला होता, तोही सावकाश व सौम्यपणे. पाश्चात्त्य वैद्यकाजवळ तोवर रक्तदाबावर पोटातून देता येईल असे सुसह्य औषध जवळजवळ नव्हते. म्हणून या लेखाने जगाचे लक्ष मुळीकडे वळले. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला आणि १९५८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

मुळीतील मुख्य द्रव्य हाती आले ते स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरी. तेथील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर आणि बाइन या तिघांनी १९५२ साली राळेच्या भागातून एक स्फटिकरूप द्रव्य काढले आणि त्याला रिसर्पीन हे नाव दिले. बाइन यांनी प्राण्यांवर केलेल्या चाचण्यांत त्याचा परिणाम सावकाश सुरू होऊन दीर्घकाळ टिकतो, असे दिसले. मुळीचे जे लक्षण वैद्यांना ठाऊक होते तेच हे. लवकरच 'सर्पासिल' या नावाने गोळी बाजारात आली. अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये हे द्रव्य प्रयोगशाळेत संपूर्ण कृत्रिमरीत्या तयार करून दाखविले.

आता खरा प्रश्न समोर आला. चूर्णाच्या चिमटीऐवजी पाव मिलिग्रॅमइतकी, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकी मात्रा पोटात जाऊ लागली. एवढ्याशा कणाचे शरीरात होते तरी काय?

रिसर्पीनच्या रेणूची रचना ढोबळमानाने सांगायची तर तो एक मोठा गाभा असून त्याला दोन तुकडे दोन गाठींनी बांधलेले आहेत. या गाठींना रसायनशास्त्रात एस्टर म्हणतात. आतड्याचे अस्तर, यकृत आणि रक्त यांत अशा गाठी सोडविणारी विकरे, म्हणजे एन्झाइमे, असतात. त्यांनी मोठी गाठ सोडविली की एका बाजूस मिथाइल रिसर्पेट आणि दुसऱ्या बाजूस ट्रायमेथॉक्सिबेंझॉइक आम्ल असे दोन भाग होतात, आणि मूळ औषधाचा गुण संपतो. हे कळले ते रेणूला किरणोत्सारी खूण लावून. शेताच्या पाटात रंग टाकून पाणी कोठे झिरपते हे जसे पाहावे, तसे संशोधकांनी खूण केलेले रिसर्पीन प्रथम उंदरांना आणि नंतर स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांना देऊन रक्त, मूत्र व विष्ठा यांत ती खूण शोधली. गाठी सुटण्याची मूळ वाट उंदरांत आणि माणसांत सारखीच निघाली. पण कोणत्या वाटेने किती जाते आणि किती वेगाने जाते, याचे प्रमाण मात्र प्राण्यागणिक वेगळे आढळले. माणसाला पाव मिलिग्रॅमची मात्रा तोंडावाटे दिली असता चार दिवसांत सुमारे ८ टक्के अंश मूत्रातून आणि सुमारे ६२ टक्के विष्ठेतून बाहेर पडला. गोळी घेतल्यावर रक्तातील प्रमाण साधारण साडेतीन तासांनी सर्वाधिक होते, आणि रक्तातील औषध निम्मे होण्यास सुमारे ३३ तास लागतात. औषध निम्मे होण्याच्या या कालावधीला अर्धायुकाल म्हणतात.

अर्धायुकाल ३३ तासांचा असेल, तर आठवड्याभरात औषध जवळजवळ नाहीसे झाले पाहिजे. मात्र गोळी बंद केल्यावरही रुग्णांत तिचा परिणाम कित्येक दिवस, कधी काही आठवडे रेंगाळत असे. या विसंगतीचा उलगडा प्राण्यांनी केला. अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय हृदय संस्थेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत १९५५ मध्ये सशांवर प्रयोग झाले. रिसर्पीन दिलेल्या सशाच्या मेंदूतील सिरोटोनिन हे द्रव्य जवळजवळ रिते झाले होते, आणि औषध मेंदूत सापडेनासे झाल्यानंतरही ते भरून आले नव्हते. पाठोपाठ इतर संशोधकांनी दाखविले की, रक्तवाहिन्या आकुंचित ठेवणाऱ्या नॉरअॅड्रिनलीन या द्रव्याचेही तसेच होते. मज्जातंतूंच्या टोकांशी ही द्रव्ये अतिसूक्ष्म पिशव्यांत साठविलेली असतात. रिसर्पीन त्या पिशव्या भरण्याची सोयच बंद पाडते. कोठाराचे दार मोडणारा निघून गेला तरी दार पुन्हा बसेपर्यंत धान्य साठत नाही, तसाच हा प्रकार. स्वीडनच्या आर्व्हिड कार्ल्सन यांनी रिसर्पीनने निश्चल झालेल्या सशांना डोपा हे द्रव्य देऊन पुन्हा हालते केले आणि त्यातून कंपवाताच्या उपचाराची दिशा सापडली. या वाटेवरील कामाबद्दल त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. औषध शरीरात किती काळ राहते आणि त्याचा परिणाम किती काळ राहतो, हे दोन निराळे हिशेब आहेत, ही गोष्ट वैद्यक या मुळीपासून शिकले.

सर्व प्राण्यांचा हा हिशेब सारखा नाही, हेही याच औषधाने शिकविले. घोडा रिसर्पीनला विलक्षण संवेदनशील; अत्यल्प मात्रेनेही तो बरेच दिवस मंद राहतो, म्हणूनच घोड्यांच्या स्पर्धांत या औषधाला मज्जाव करण्यात आला. अमेरिकेत टर्की पक्ष्यांची महारोहिणी फुटून ते मरत, तेव्हा त्यांच्या खाद्यात रिसर्पीन मिसळण्याचा उपाय एके काळी केला गेला. एकाच मुळीचा अंश हत्ती, घोडा, ससा, उंदीर आणि माणूस यांच्या देहात जाऊन प्रत्येकाकडून निराळी वागणूक घेत होता.

प्राण्यापासून माणसापर्यंतच्या या अंतराचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या रोजच्या गोळीत आहे. आज सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या अॅम्लोडिपीनचा अर्धायुकाल उंदरात सुमारे ३ तास, कुत्र्यात सुमारे ३० तास आणि माणसात सुमारे ३५ तास असल्याचे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. केवळ उंदरावर विसंबून मात्रा ठरविली असती, तर ही गोळी दिवसातून चार-पाच वेळा देण्याचा सल्ला निघाला असता आणि माणसाच्या शरीरात औषधाचा ढीग साचला असता. दिवसातून एकदाच घ्यायची ही गोळी दिवसातून एकदाच का, याचे उत्तर माणसाच्या यकृताच्या संथपणात आहे.

माणसा-माणसांतही हाच भेद आहे. १९७५ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयातील रॉबर्ट स्मिथ यांनी डेब्रिसोक्विन या रक्तदाबाच्या औषधाच्या अभ्यासासाठी सहकाऱ्यांसमवेत स्वतःही ४० मिलिग्रॅमची मात्रा घेतली. सहकाऱ्यांना विशेष काही झाले नाही. स्मिथ यांचा दाब मात्र इतका कोसळला की त्यांना उभे राहवेना. तपासणीत दिसले की, इतरांचे यकृत ज्या सहजतेने हे औषध फोडते तसे त्यांचे यकृत फोडत नव्हते. १९७७ मध्ये त्यांच्या गटाने हा भेद आनुवंशिक असल्याचे दाखवून दिले. हे काम करणाऱ्या विकरास पुढे सीवायपी २ डी ६ असे नाव मिळाले. उंदरांच्या एका विशिष्ट जातीतील माद्यांतही हीच उणीव सापडली आणि अशा माणसांच्या अभ्यासासाठी त्या उपयोगी पडल्या. आपल्यापैकी अनेकांना दिली जाणारी मेटोप्रोलोल ही गोळीही मुख्यत्वे याच विकराच्या हातून फुटते. शेजाऱ्याला पूर्ण गोळी आणि आपल्याला अर्धी, यात वैद्याचा पक्षपात नसून कुळाकडून आलेला वारसाही असू शकतो.

रिसर्पीनच्या यशाची बाजूही नोंदविली पाहिजे. अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांतून एडवर्ड फ्रीस यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या अभ्यासाचा पहिला निष्कर्ष १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण १४३ रुग्णांपैकी निम्म्यांना रिसर्पीनसह तीन औषधांचा उपचार आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी देण्यात आली होती. दुसऱ्या गटात २७ जणांना गंभीर उपद्रव झाले, पहिल्यात केवळ दोघांना. वाढलेला दाब उतरविल्याने माणसे वाचतात, हे पहिल्यांदा निःसंशय ठरले; आणि त्या सिद्धतेत सर्पगंधेचा वाटा होता.

त्याच औषधाने चिंताही दिली. १९५० च्या दशकातच रिसर्पीन घेणारे काही रुग्ण खिन्नतेने ग्रासल्याच्या नोंदी झाल्या. हा संबंध वाटला तितका सरळ नसल्याचे अलीकडील फेरतपासणीत दिसले असले, तरी मोठ्या मात्रेची भीती वाजवीच होती. १९७४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात रिसर्पीन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे तीन लेख एकदम आले. पुढील अभ्यासांतून मात्र हा धोका सिद्ध झाला नाही. आधीच्या लेखांत रुग्ण निवडण्याच्या पद्धतीतच दोष होता, असे आढळले. उलट १९८० मध्ये अमेरिकेतील चाचणीत उंदरांना खाद्यातून रिसर्पीन दिले असता त्यांच्यात गाठी झालेल्या दिसल्या. उंदराचा कौल माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही आणि माणसांवरील घाईचा निष्कर्षही फसवू शकतो, या दोन्ही गोष्टी एका औषधाच्या निमित्ताने समोर आल्या. या धसक्याने आणि नव्या औषधांच्या आगमनाने रिसर्पीन मागे पडले.

आज तेलंगण आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत २०१७ पासूनच्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमातून सरकारी दवाखान्यांत गोळ्या दिल्या जातात. पैनगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे राहणाऱ्या आपल्या आप्तांच्या हाती बहुधा एकाच प्रकारची गोळी पडते. त्या यादीत सर्पगंधा नाही. परंतु या उपचाराचा पाया जिने घातला ती हीच मुळी. अतिरिक्त खोदाईमुळे ती रानांत इतकी दुर्मिळ झाली की १९९० मध्ये तिचा समावेश संकटग्रस्त वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत करावा लागला.

या इतिहासातून आपल्या वयाच्या वाचकांनी घ्यावे असे थोडेसेच आहे. दाब उतरलेला दिसला म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नये, कारण तो गोळीमुळेच उतरलेला असतो. दुसऱ्याला लागू पडलेली मात्रा आपली समजू नये. गोंड, कोलाम बांधवांच्या आणि आपल्या आजीच्या वनौषधींच्या ज्ञानाविषयी आदर ठेवावा. परंतु सर्पगंधेची मुळी वा तिचे चूर्ण चालू गोळीच्या जोडीला घेत असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. दोन्हींचे काम एकच असल्याने दाब धोकादायकरीत्या खाली जाऊ शकतो, आणि मुळी सोडल्यावरही तिचा परिणाम काही दिवस उरतो, हे सशांनी सत्तर वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. डॉ. वकील यांनी त्या मुळीचा मान राखला तो तिच्यावर केवळ विश्वास ठेवून नव्हे. ५० माणसांचा दाब रोज मोजून आणि लिहून. घरात दाब मोजण्याचे यंत्र असेल, तर रोजचा आकडा वहीत टिपून ठेवणे एवढे तरी आपल्याला त्यांच्या वाटेने जाता येईल.